जातं पुण्याला पाठवायचंय – जड माल ऑनलाइन विकणारे भाडं कसं धरता?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. माझे मामा सेलू तालुक्यात दगडी जाती, पाटे, खलबत्ते घडवतात. आजोबांपासूनचं काम. मागच्या दिवाळीत मी सहज त्यांचा जात्याला टाकी लावतानाचा (छिन्नीनं खाचे पाडतानाचा) व्हिडिओ काढून टाकला आणि ऑर्डरी सुरू झाल्या. खलबत्ते बिनबोभाट गेले. मग पहिलं जातं गेलं कोथरूडला आणि तिथून आमचे भोग सुरू झाले.

१४ इंची जातं. दोन्ही तळ्या मिळून ५२ किलो. कुरिअरवाला म्हणाला, एका नगाला ३५ किलोच्या वर घेत नाही. म्हणून २६-२६ किलोचे दोन खोके केले, दोन पावत्या फाडल्या. खालची तळी चार दिवसांत पोहोचली. वरची आजतागायत नाही. ट्रॅकिंगवर रोज तेच, 'मार्गस्थ'. कोथरूडच्या काकू रोज सकाळी मेसेज टाकतात, "अहो, अर्ध्या जात्याचं मी काय करू?" नुसती वरची तळी नवीन करून पाठवता येत नाही, कारण तळ्या एकमेकींवर घासून जुळवलेल्या असतात आणि खालची काकूंकडे आहे.

जात्याची किंमत ४५००, कुरिअर गेलं १४५०. जड, मोठा माल विकणारे तुम्ही लोक कशानं पाठवता? भाडं किमतीत धरता की वेगळं सांगता? आणि फुटलं-हरवलं तर कुणाच्या खिशातून?

चहा_कमी_साखर

वेरूळच्या कारागिरांना हे आधीच कळलं होतं. कैलास लेणं जागेवरच कोरलं, वरून खाली. पॅकिंग नाही, भाडं नाही, गिऱ्हाईक स्वतः तिकीट काढून येतं.

दुधनाकाठ

😀 हे काकूंना कळवू का?

टपाली

पोस्टातही एका नगाची कमाल मर्यादा ३५ किलोच आहे. पण खेड्यातल्या शाखा टपाल कार्यालयात त्याहून बरंच कमी वजन घेतात, तेव्हा माल थेट सेलूच्या मोठ्या ऑफिसात न्यावा. खलबत्त्यांना पोस्ट उत्तम. जात्याला मात्र तोच दोन नगांचा घोळ.

गारवा_नांदेड

ताई, तुमचा माल जड पण आटोपशीर. तुम्हाला वजनाचे पैसे पडतात. आमचा माल हलका पण अवाढव्य, आम्हाला हवेचे पैसे पडतात! पत्र्याचे कूलर बनवतो मी. मोटार, पंखा, जाळ्या सगळं धरून ३४ किलो. पहिल्या वर्षी ३४ किलोचं भाडं धरून ऑनलाइन भाव टाकला. बिल आलं ८७ किलोचं. मला वाटलं कुणीतरी काट्यावर पाय ठेवला. भांडायला गेलो तर त्या पोरानं टेप लावून दाखवलं: ६० सेंमी गुणिले ६० गुणिले १२०, भागिले ५०००, म्हणजे ८६.४. खरं वजन आणि हे मापाचं वजन, यातलं जे जास्त ते धरतात. भागाकाराचा आकडा सगळीकडे सारखा नसतो, कुठे ४५००, कुठे ४०००. आकडा जितका लहान तितकं आपलं मरण. ट्रकनं पाठवलं तर घनफुटावर धरतात, एका घनफुटाला इतके किलो असं. बुकिंगच्या आधी हेच विचारायचं, 'किलोला काय भाव' हे नंतर.

मग मी कूलर उभा पाठवणंच बंद केलं. पत्रे सुटे, एकावर एक रचलेले, १२० × ६० × २५. मापाचं वजन आलं ३६. भाडं निम्म्याहून खाली. जोडणी गिऱ्हाईकानं करायची. आता त्याचे वेगळे किस्से. एकानं गवताची जाळी उलटी बसवली आणि हॉलमध्ये पाणी. रात्री साडेअकराला फोन, "तुमचा कूलर गळायलाय." मी म्हटलं, दादा, कूलर नाही, तुम्ही चुकायलाव. तेव्हापासून जोडणीचा व्हिडिओ आधी पाठवतो, मगच माल.

चहा_कमी_साखर

हवेचे पैसे घ्यायचे आणि पाठवायचा कूलर. हिशेब फिटला की.

बिल्टीबहाद्दर

नांदेडच्या मोंढ्यात २२ वर्षं ट्रान्सपोर्टच्या बुकिंगला बसतो. धागा वाचून राहवलं नाही.

ताई, तुमची चूक खोके दोन केले ही नाही, पावत्या दोन केल्या ही. दोन पावत्या म्हणजे दोन वेगळी पार्सलं, त्यांची वाट वेगळी, नशीब वेगळं. एकाच पावतीवर 'नग २' लिहून घ्यायचं आणि खोक्यांवर मार्करनं १/२, २/२. खोक्याच्या वरच्या बाजूला नव्हे, चारी बाजूंना. दुसरा नग दिसला नाही की उतरवून घेणारा तिथंच ओरडतो. तुमच्या केसमध्ये ओरडायला कुणी नव्हतंच.

दुसरं. भाड्याच्या आधी हात मोजा. मी सगळ्यांना हेच सांगतो. गाडी चालत असताना माल सहसा फुटत नाही, चढवता-उतरवताना फुटतो. सेलूहून कुरिअरनं गेलेला नग बघा: घरातून रिक्षा, रिक्षातून ऑफिस, तिथून परभणी, मग मोठं हब, मग पुण्याचं हब, मग तिथली शाखा, मग टेम्पो, मग काकूंचं दार. प्रत्येक ठिकाणी एकदा उतरला, एकदा चढला. पंधरा-सोळा वेळा उचलला. २६ किलोचा खोका दिवसभरात दोनशे नग उचलणारा माणूस हळुवार ठेवेल अशी अपेक्षा ठेवू नका, तो तुमचा मामा नाही. ट्रान्सपोर्टच्या सरळ गाडीत हेच सहा-सात वेळा होतं. भाड्याची गाडी थेट गेली तर दोनदाच.

ट्रान्सपोर्टनं पाठवायचं तर बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) चार गोष्टी बघा. 'पेड' की 'टू-पे', म्हणजे भाडं तुम्ही भरणार की सोडवून घेणारा. 'गोदाम डिलिव्हरी' की 'दारापर्यंत'. हमाली कुणाची. आणि 'ओनर्स रिस्क' का, म्हणजे फुटलं-हरवलं तर जोखीम माल पाठवणाऱ्याची. बहुतेक जण न वाचता ओनर्स रिस्कवर सही करतात आणि मग माझ्याकडे रडत येतात.

गंजगोलाई

@बिल्टीबहाद्दर, भरपाईचं नीट सांगा ना. कायदा काय म्हणतो?

बिल्टीबहाद्दर

रस्त्यानं माल नेण्याचा २००७ चा कायदा आहे आणि त्याचे २०११ चे नियम. वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापट, तीही बुकिंगला तुम्ही सांगितलेल्या किमतीच्या आतच. म्हणजे ९००० चा कूलर, भाडं ६००, तर जास्तीत जास्त ६०००. पूर्ण हवे असतील तर जादा जोखमीचा दर भरून तसं आधी लिहून घ्यावं लागतं. आता गंमत बघा. भाडं वाचवायला लोक किंमत ५०० लिहितात. हरवलं की म्हणतात ९००० होती. कागदावर ५०० आहे ना बाप्पा! आणि दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवर दिलेल्या शिव्या नोटिशीत धरत नाहीत.

दुधनाकाठ

आम्ही किंमत १००० लिहिली होती. 🙈

हडपसरचा_सेलूकर

एवढं सगळं कशाला? संध्याकाळी परभणीहून ट्रॅव्हल्स निघते, डिक्कीत टाकायचं, पहाटे पाचला पुण्यात. माझ्या आईनं अशीच ज्वारी, डाळ, लोणचं, एकदा तर पितळी बंब पाठवला. क्लीनरला दोनशे रुपये.

बिल्टीबहाद्दर

घरचं लोणचं वेगळं, धंद्याचा माल वेगळा. पावती नाही, बिल नाही, रस्त्यात आरटीओनं डिक्की उघडायला लावली तर माल कुणाचा म्हणून सांगणार? आणि पहाटे पाचला संगमवाडीच्या अंधारात काकू ५२ किलो कशा उचलणार?

हडपसरचा_सेलूकर

हे मात्र खरं. बंब आला तेव्हा मी डुलकी काढली आणि गाडी पुढे गेली. बंब वाकडला उतरला. तो आणायला रिक्षाला जे दिले त्यात नवीन गीझर आला असता.

गंजगोलाई

मूळ प्रश्नाकडे येतो. मी लातुरात सागवानी बंगया बनवतो (पुणेकरांसाठी: झोपाळे). माझा अनुभव असा की भाडं वेगळं सांगितलं की गिऱ्हाईक पळतं. 'बंगई १८०००, पोहोच १२००' म्हटलं तर बाराशेवर अर्धा तास घासाघीस. 'बंगई १९२००, पोहोच मोफत' म्हटलं तर आनंदानं पैसे टाकतात. माणसाला फुकट शब्द आवडतो, आपण तरी काय करणार.

हडपसरचा_सेलूकर

मी गिऱ्हाईक म्हणून बोलतो. आम्हाला कळतं हो. आणि लातुरातच राहणाऱ्यालाही तुम्ही तेच १९२०० लावता ना? त्यानं मुंबईचं भाडं का भरायचं?

गंजगोलाई

लातूरवाला ऑनलाइन घेतच नाही. तो गंजगोलाईत येऊन बसतो, बंगईवर बसून चहा पितो, दोन हजार कमी करून नेतो.

गारवा_नांदेड

@गंजगोलाई भाऊ, तुमच्या मालात १२०० मिसळतात, कारण माल १८ हजाराचा आहे. ताईंचं जातं ४५०० चं आणि भाडं १४५०, म्हणजे किमतीच्या जवळपास एक तृतीयांश. ते लपवायचं म्हटलं तर जातं ६००० ला दिसेल आणि शेजारच्या दुकानात तसंच ४५०० ला. तुमचा न्याय जात्याला लागत नाही. मी विभागानुसार भाडं टाकतो: मराठवाडा एक दर, पुणे-मुंबई दुसरा, राज्याबाहेर 'विचारा'.

गंजगोलाई

हे पटलं.

पण एक नियम दोघांनाही लागू: मोठ्या मालाला कॅश ऑन डिलिव्हरी ठेवायची नाही, मेलो तरी नाही. माझी एक बंगई ठाण्याला गेली. दारात गेल्यावर साहेब म्हणाले, "हिच्या कड्या पितळी नाहीत." फोटोत स्पष्ट लोखंडी होत्या. माल परत. जायचं भाडं माझं, यायचं भाडं माझं, आणि एक दांडा चिरला तोही माझाच. मेसेज आला 'आरटीओ झालं'. मी घाबरून टेम्पोवाल्याला फोन लावला, "अरे, गाडी कुठं पकडली?" नंतर कळलं की कुरिअरच्या भाषेत माल परत आला तर त्याला आरटीओ म्हणतात. आता निम्मे पैसे आधी, उरलेले माल निघायच्या आदल्या दिवशी, पॅकिंगचा व्हिडिओ दाखवून.

वाळूजचा_पॅकर

पॅकिंगवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मशीनचे सुटे भाग पॅक करण्यात हयात गेली.

दगडाचं पोट कधी फुटत नाही, कड फुटते. बेसॉल्ट कितीही टणक असला तरी कडेवर टोला बसला की कपचा उडतो. तेव्हा बबलचे सात वेढे मारण्यात अर्थ नाही, २६ किलोखाली ते बुडबुडे पहिल्या टप्प्यालाच फुटतात. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूब आणा, चार बोटं रुंदीच्या पट्ट्या कापा, तळीच्या कडेला ताणून दोन वेढे मारा. वर बारदाना, वरून पट्टी. मोठ्या जात्याला मी याहून सोपं सांगेन: १४ इंची रिमचा कारचा बाद टायर घ्या, बारदान्यात गुंडाळलेली तळी त्यात घट्ट बसवा, दोन बाजूंना प्लायचे तुकडे, आरपार पट्टी. आता तो नग कुणी उचलणारच नाही, घरंगळत नेईल. जड नग उचलावा लागला की आपटतो. ढकलता आला की आपटत नाही.

बंगई, कपाट, मशीन असेल तर खाली लाकडी पॅलेट हवंच. एमआयडीसीत भंगारात स्वस्त मिळतं. खाली चार बोटं फट असली की हातगाडीचे दात आत जातात. फट नसली की चार हमाल आणि 'हईशा'.

आणि पाठवण्याआधी काट्यावर ठेवून आकड्यासकट फोटो काढा, टेप लावून लांबी-रुंदी-उंचीचाही. हबवर पुन्हा मोजतात आणि फरक निघाला की बिल वाढतं. फोटो नसेल तर त्यांचंच खरं.

चहा_कमी_साखर

म्हणजे जात्याबरोबर स्टेपनी मोफत.

शंकासुर

जीएसटीचं कुणी पाहिलंय का? फुकटचा सल्ला: वस्तूंची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि राज्यातच विकत असाल तर नोंदणी लागत नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारात विकायचं तर पूर्वी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत विक्रीला नुसता नावनोंदणी क्रमांक पुरतो. बेंगळुरूच्या ऑर्डरी घेण्याआधी मात्र सीएला विचारा. ई-वे बिल (मालासोबत ठेवायचा जीएसटीचा कागद) महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल १ लाखाच्या वर, राज्याबाहेर ५० हजारांच्या वर. एका जात्याला लागत नाही. दहा कूलर एकदम निघाले तर बघावं लागेल.

गारवा_नांदेड

दहा कूलर एकदम निघाले तर मी स्वतः गाडीवर बसून नाचत जाईन.

पूर्णा_जंक्शन

रेल्वे कुणीच कशी काढली नाही? पार्सल ऑफिसात वजन-माप होतं, पावती मिळते, लांब पल्ल्याला स्वस्त पडतं. मात्र लहान स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात पार्सल डबा उघडून जातं चढवणं म्हणजे सर्कस. परभणी किंवा नांदेडला जाऊन आधी विचारा कोणत्या गाडीला बुकिंग घेतात. दुसरं, तिकडे माल सोडवायला माणूस वेळेवर हवा, फुकटचे तास संपले की प्लॅटफॉर्मभाडं चढतं. दुकानदाराला दहा नग पाठवायचे तर रेल्वे. एकट्या काकूंना नाही.

दुधनाकाठ

एवढं सगळं एका जागी कुणी सांगितलं नव्हतं. आभार. पण माझी काकू अजून अर्ध्या जात्यावर बसून आहे.

मोसंबी

ताई, आम्ही परतूरकडचे. आमचा पिकअप सध्या आठवड्याला दोन खेपा मारतोय, शेवगाव-अहिल्यानगर मार्गे पुण्याच्या मार्केट यार्डात, मोसंबी घेऊन. जाताना भरलेला, पण केबिनला टेकवून एक जातं सहज बसतं. वजन पुढं असलेलं बरंच. येताना गाडी मोकळी असते, तेव्हा डिझेल तसंही जळतंच. सेलूहून परतूरपर्यंत तुम्ही आणा. ड्रायव्हर आमचाच पोरगा आहे, गुलटेकडीला माल खाली झाला की कोथरूडला वळेल. पाचशे द्या. बिल मात्र सोबत द्या, रस्त्यात विचारलं तर दाखवायला.

बिल्टीबहाद्दर

हात किती? परतूरला चढलं, कोथरूडला उतरलं. दोन. माझ्या पोटावर पाय येतोय, पण ताई, हेच करा.

गंजगोलाई

मोसंबी भाऊ, लातूरकडं येता का कधी?

दुधनाकाठ (बारा दिवसांनी)

कळवायला उशीर झाला, माफी. मामांनी नवं जातं घडवलं, वाळूजच्या दादांनी सांगितलं तसं टायरमध्ये बसवलं. मंगळवारी रात्री परतूरहून निघालं, बुधवारी दुपारी काकूंच्या सोसायटीत. लिफ्ट बंद होती, दुसरा मजला. ड्रायव्हर पोरगा आणि वॉचमन दोघांनी टायर जिन्याच्या एकेका पायरीवरून ढकलत वर नेला. काकूंनी दोघांना थालीपीठ खाऊ घातलं आणि जुनी खालची तळी परत पाठवली. जातं फुलासारखं पोहोचलं, कपचासुद्धा उडाला नाही.

दुसऱ्या दिवशी मेसेज: "पीठ जाड येतंय." व्हिडिओ कॉल लावला. काकू जातं उलटं फिरवत होत्या.

आता आम्ही भाडं वेगळंच लिहितो. 'मार्केट यार्डातून स्वतः नेणार' एक दर, 'दारापर्यंत' दुसरा, 'लिफ्ट नसल्यास आधी सांगावे' ही ओळ ठळक. आश्चर्य म्हणजे निम्मे लोक स्वतः न्यायला तयार असतात. परत आलेल्या खालच्या तळीला मामांनी नवी वरची तळी जुळवली, ते जातं जालन्यातच गेलं.

गारवा_नांदेड

उलटं फिरवत होत्या! मनाला गार वाटलं. मी एकटा नाही.

दुधनाकाठ (आणखी तीन आठवड्यांनी)

मंडळी, हसू नका. आज सकाळी दारात कुरिअरवाला. हातात फाटका खोका, त्यावर तीन शहरांची लेबलं एकावर एक, सगळ्यात वर 'पत्ता सापडला नाही, प्रेषकाकडे परत'. आत हरवलेली वरची तळी. एका कडेला कपचा, बाकी धडधाकट. मामांनी अंगणात घरंगळवत आत घेतली, पाणी टाकून धुतली आणि म्हणाले, "आली का माहेराला."

पण आता हिची जोडीदारीण जालन्यात नांदतेय.

चहा_कमी_साखर

स्थळ पाहिजे. वर्ण काळा, १४ इंची, वजन २६ किलो, घराणं सेलूचं. भारतभर प्रवास झालेला. कडेला किरकोळ व्यंग. देणंघेणं नाही. पोहोचवायचं भाडं मात्र त्यांच्याकडून.